तेहतीस लुगडी लांब

सोयाबीन निघालं की आमची पट्टी आठ-पंधरा दिवस मोकळी पडते. हरभरा पेरायचा असतो, पण रोटाव्हेटरवाला काही एका फोनवर येत नाही. तेवढ्या दिवसांत मी माझं वेड भागवून घेतो. खताच्या रिकाम्या गोणीत सात नंबरची आयर्न (लोखंडी काठी), एक जुना ड्रायव्हर (सगळ्यात लांब मारायची काठी), पस्तीस-चाळीस घासलेले बॉल, आणि दुकानातला पन्नास मीटरचा टेप. औसा तालुक्यातल्या काळ्या रानात गोल्फ खेळणारा माणूस म्हणजे मीच. दुसरा असेल तर त्यानं कृपया संपर्क साधावा.

ह्या वेळी टेप अंथरला आणि बांधावर चुलतभाऊ येऊन उभा राहिला. दोन वर्षांपासून आमचं बोलणं बंद आहे. कारण विचारू नका; मराठवाड्यात बोलणं बंद असण्याचं कारण बांध कोरणं हेच असतं.

"मोजणी आणायलास का काय?" दोन वर्षांतलं त्याचं पहिलं वाक्य.

"न्हाई. बॉल किती लांब गेला ते बघायलाव."

त्यानं एकदा टेपकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, आणि काही न बोलता निघून गेला. त्याचा विश्वास बसला नाही, हे त्याच्या पाठीवरूनच कळत होतं.

बॉल १८७ मीटर गेला होता. गोल्फवाले मीटरात बोलत नाहीत, यार्डात बोलतात. यार्ड म्हणजे आपला वार, नऊवारीतला. तर माझे झाले २०५ वार. अमेरिकेतल्या व्यावसायिकांच्या पीजीए टूरवर आज साधारण खेळाडूचा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, सरासरी ३०० वारांच्या घरात जातो. हे मी आईला सांगितलं तेव्हा ती परातीत तांदूळ निवडत होती. ३०० वार म्हणजे नेमकं किती, असं तिनं विचारलं. म्हटलं, तेहतीस लुगडी एकापुढं एक अंथरली तर तेवढं. ती हात थांबवून म्हणाली, "येवढी लुगडी कुणाची रे?"

शेताच्या भाषेत सांगायचं तर गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे बरोबर ११ वार. ३०० वारांचा फटका एका रांगेत सत्तावीस गुंठे ओलांडतो. आमची पट्टी चार गुंठे रुंद आणि तीस गुंठे लांब, एकूण तीन एकर. म्हणजे टूरवरचा कुठलाही मध्यम खेळाडू आमच्या विहिरीपाशी उभा राहिला तर बॉल पार खालच्या ओढ्याशी नेऊन टाकेल. लांब मारण्यात नाव काढलेल्या ब्रायसन डिशाम्बोला उभं केलं तर ओढ्यापलीकडच्या माणसाशीही आमचं बोलणं बंद होईल.

हे वेड मला पुण्यात लागलं. २०१६ चा उन्हाळा. मी लातूरच्या आयटीआयमधून वेल्डर ट्रेड करून बसलो होतो आणि काम नव्हतं. मांजरा धरण कोरडं पडलेलं. शहरात पाणी भरायच्या जागांवर मार्चमध्येच जमावबंदी लागली होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर फोटो काढत होते. त्याच महिन्यात हायकोर्टानं आयपीएलचे मे महिन्यातले सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले, कारण खेळपट्टीवर मारायला पाणी कुठून आणणार? आणि मे महिन्यात मी पुण्यात एका गोल्फ क्लबात कॅडी म्हणून उभा होतो. गावातला एकजण तिथं माळीकाम करायचा, त्यानं लावून दिलं होतं.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मी ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, पाय ठेवला आणि बूट ओले झाले. लातुरात आम्ही आंघोळीचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरत होतो. इथं रात्रभर कारंजी फिरलेली. ते पाणी सांडपाणी शुद्ध करून आणलेलं असतं, असं माळ्यानं मला नंतर समजावलं. असेल. पण बूट ओले झाल्याचं अजून आठवतं.

कॅडीचं निम्मं काम बॅग उचलायचं आणि निम्मं डोळ्यांचं. होल म्हणजे टीपासून, पहिला फटका मारायच्या जागेपासून, खळग्यापर्यंतचा एक टप्पा. आंधळ्या वळणाच्या होलवर आमच्यातला एकजण पुढं जाऊन थांबायचा, बॉल कुठं पडला ते बघायला. चौथ्या होलवर उभं राहायची जागा ठरलेली होती. डाव्या अंगाला एक कडुनिंब, टीपासून साधारण २३० वार. जुन्या कॅडींनी मला सांगितलं होतं, निंबाखाली थांब, बॉल तुझ्या अलीकडंच पडणार. पंधरा वर्षं ते तिथंच थांबत आले होते.

मग एक पोरगा यायला लागला. हिंजवडीत नोकरी, दंड माझ्या मांडीएवढे, शनिवार-रविवार न चुकता हजर. मी निंबाखाली उभा होतो. टीवरून "फोर", म्हणजे बॉल येतोय सांभाळा, अशी आरोळी आली तेवढी आठवते. बॉलचं वजन ४६ ग्रॅमही नसतं, पण पिंढरीवर बसला तेव्हा वाटलं, कोणी घणच घातला. आठ दिवस लंगडत होतो. त्यानं औषधाला पैसे दिले, माफी मागितली. माणूस वाईट नव्हता. पण त्यानंतर आम्ही उभं राहायची जागा मागं नेली. निंबापासून पुढच्या गुलमोहरापर्यंत, चांगली पन्नास पावलं. मी पुणं सोडलं तोवर गुलमोहराच्याही मागं थांबणारे झाले होते, कारण तसे आणखी तिघं-चौघं आले होते. लोक आकडेवारी वाचून सांगतात की फटके लांब होत चाललेत. मला ते पिंढरीनं सांगितलं.

त्याच क्लबात एक निवृत्त कर्नल साहेब होते. सत्तरी ओलांडलेली, बॉल जेमतेम १७० वार, पण सरळ. बंदुकीतून सुटल्यासारखा सरळ. त्यांचा त्या पोरावर राग होता आणि तोंडी एक जुनी इंग्रजी म्हण होती, तिचा अर्थ असा की ड्राइव्ह मारायचा तो दाखवायला, पैसा मिळतो तो पटमध्ये, म्हणजे बॉल खळग्यात घालायच्या हलक्या फटक्यात. "बघ," ते मला म्हणायचे, "ताकद बैलालाही असते." मला ते पटायचं. कोणालाही पटेल. लंगड्या पायाच्या कॅडीला तर पटेलच पटेल.

पण मी डायरी ठेवायचो. माझी ती सवय आयटीआयपासूनची, कुठला रॉड किती जळाला ते लिहायची. दोघं एका गटात १९ वेळा खेळले. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी सूट) बाजूला ठेवून नुसते फटके मोजले, कमी लागले तो जिंकला, तर १४ वेळा पोरगा जिंकला. तो झाडीत मारायचा, रफमध्ये म्हणजे वाढलेल्या गवतात मारायचा, एकदा तर पाण्याच्या टाकीवर मारला, तरी जिंकायचा. कारण त्याची चूकसुद्धा कर्नल साहेबांच्या बरोबर फटक्यापेक्षा शंभर वार पुढं पडायची. तिथून तो छोटी काठी काढायचा आणि साहेब अजून लाकूड, म्हणजे लांब मारायची मोठी काठी, काढायचे. मी डायरी साहेबांना कधी दाखवली नाही.

पुढं कळलं की हाच हिशेब अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठातल्या मार्क ब्रॉडी नावाच्या प्राध्यापकानं फार मोठ्या प्रमाणावर करून ठेवलाय. टूरवरचा प्रत्येक फटका यंत्रांनी मोजला जातो, त्या नोंदी घेऊन. निष्कर्ष असा की वरच्या खेळाडूंना इतरांपेक्षा जो फायदा मिळतो, त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश शंभर वारांबाहेरच्या फटक्यांतून येतो. पटचा वाटा त्याच्या मानानं लहान. म्हणजे म्हण चुकीची. साहेब देवमाणूस होते, पण म्हण चुकीची.

हा हिशेब खेळाडूंना कळल्यावर जे व्हायचं ते झालं. तसे लांब मारणारे आधीही होते. जॅक निकलसनं १९६३ साली लाकडाच्या ड्रायव्हरनं, जुन्या बॉलवर, लांब मारायच्या स्पर्धेत ३४१ वार मारले होते. १९९१ च्या पीजीए चॅम्पियनशिपला जॉन डेली राखीव यादीत नववा होता, रात्रभर गाडी हाकत आला, सरावही न करता खेळला आणि जिंकला. १९९७ मध्ये हंगामाची सरासरी ३०० वारांवर नेणारा तो पहिला. तेव्हा तो अजूबा वाटला. आता तेवढं मारणारे टूरवर ढिगानं आहेत. २०२३ मध्ये रोरी मॅकलरॉयची सरासरी ३२६ होती, आणि रोरी काही आडदांड गडी नाही, उंचीनं पावणेसहा फूट.

ब्रायसनचं मात्र वेगळं. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि मी गावी परत आलो. तेव्हा वजन सगळ्यांचंच वाढलं, माझं सहा किलो. ह्या गड्यानं लॉकडाऊनच्या आधीपासूनच ठरवून, व्यायाम करून, खाऊन वाढवलेलं, जवळजवळ १८ किलो. सप्टेंबरात यूएस ओपन होती विंग्ड फुट नावाच्या मैदानावर. हे मैदान म्हणजे अरुंद फेअरवे (मधली कापलेल्या गवताची वाट) आणि बाजूला घोट्याएवढं गवत. २००६ साली तिथं जिंकणारा पारपेक्षा, म्हणजे मैदानाला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा, पाच जास्त मारून जिंकला होता. मी माळवदावर मोबाईल घेऊन बसलो, रेंज तिथंच येते. ब्रायसननं चार दिवसांत ५६ पैकी फक्त २३ फेअरवे गाठले. बाकी सगळे गवतात. आणि पारपेक्षा सहा कमी मारून, सहा फटक्यांनी जिंकला. जिंकणाराच काय तो पारच्या खाली, दुसरा कोणी नाही. मला तो हिंजवडीचा पोरगाच दिसत होता. पुढच्या मार्चमध्ये बे हिलला तर त्यानं तळ्याला वळसा घालणाऱ्या सहाव्या होलवर थेट तळ्यावरून ३७० वार घातला आणि बॉल खाली पडायच्या आधीच दोन्ही हात वर केले. मीही केले. रात्री दीड वाजता. आबा खालून ओरडले, "काय झालं रं?"

ताकद ताकद म्हणतात, पण फॅब्रिकेशनचं दुकान चालवणारा माणूस ह्यात थोडं बोलू शकतो. माझ्याकडं दोन पोरं घण मारतात. एक पैलवान, दुसरा काटकुळा. जाड फ्लॅट सरळ करायची असली की मी काटकुळ्याला बोलावतो. पैलवान खांद्यानं ढकलतो. काटकुळा टाच रोवतो, कमरेतून वळतो, आणि मनगट अगदी शेवटी सोडतो. घण खाली येतो तेव्हा त्याचा हात जवळजवळ सैल असतो. गोल्फचा फटका हुबेहूब हाच. जोर जमिनीतून घ्यायचा आणि वेग टोकाला द्यायचा. काठीच्या डोक्याचा वेग ताशी एक मैल वाढला की बॉल साधारण अडीच वार पुढं जातो. आता वेग मोजणाऱ्या रडारवर हे सगळं लगेच दिसतं, त्यामुळं पंधरा वर्षांचं पोरगंही वेग वाढवायच्याच मागं असतं, सरळ मारायचं नंतर बघू म्हणून.

आणि दुसरी गोष्ट हत्याराची. त्या पोरानं मला जाताना एक तडा गेलेला ड्रायव्हर दिला होता. वेल्ड करून बघ म्हणाला. टायटॅनियम आहे, माझ्या साध्या आर्कनं ते होणारं नाही, ते त्याला माहीत नव्हतं. दोन वर्षं फळीवर पडला होता. मग एका रविवारी ग्राइंडर लावून मधोमध कापला. लोखंडाच्या ठिणग्या पिवळसर-तांबड्या असतात. ह्याच्या पांढऱ्याफेक, दिवाळीतल्या फुलबाजीसारख्या. आत संपूर्ण पोकळ. तोंडाचा पत्रा व्हर्नियरनं मोजला तर तीन मिलिमीटरच्या आसपास, टाळूचा तर त्याहून पातळ. आत एका कोपऱ्यात वाळलेल्या डिंकाचा गोळा, खडखड आवाज येऊ नये म्हणून टाकलेला. पन्नास वर्षांपूर्वी हेच डोकं भरीव लाकडाचं आणि मुठीएवढं असायचं. १९७९ ला पोलादी आलं, नव्वदच्या दशकात टायटॅनियमचं, आणि ते फुगत फुगत गेलं. शेवटी नियम करावा लागला की ४६० घनसेंटिमीटरच्या वर नाही, म्हणजे अर्ध्या लिटरच्या तांब्यापेक्षा थोडं कमी. एवढं मोठं आणि एवढं पातळ तोंड असलं की चुकून कडेला लागलेला बॉलही पळतो, त्यामुळं माणूस बिनधास्त जोर लावतो. त्यात २००० सालानंतर दोरा गुंडाळलेले बॉल मागं पडले आणि भरीव गाभ्याचे आले. १९८० मध्ये टूरची सरासरी २५७ च्या आसपास होती. ती ३०० झाली त्यात माणसाचा घाम किती आणि कारखान्याचा किती, हे कोणी वेगळं काढून दाखवावं.

मला स्वतःला लांब फटका आवडतो. खोटं कशाला बोलू? तो आवाज, कोऱ्या पत्र्यावर हातोडी बसल्यासारखा, आणि मग बॉल दिसेनासा होईपर्यंतची ती शांतता. आडमाप मारणाऱ्याला अक्कल नसते म्हणणाऱ्यांशी मी भांडतो. माझं दुखणं वेगळं आहे. ते जमिनीचं आहे.

अमेरिकेतलं ऑगस्टा नॅशनल घ्या, जिथं मास्टर्स ही मोठी स्पर्धा होते. १९९७ ला टायगर वुड्सनं तिथं बारा फटक्यांनी धुतलं तेव्हा मैदान ६,९२५ वार होतं. २०२५ ला ते ७,५५५ होतं. ६३० वार वाढले, सत्तर लुगडी. तेरावा होल ५१० चा २०२३ मध्ये ५४५ केला. त्यासाठी जागा कुठून आणली? शेजारच्या क्लबाकडून जमीन विकत घेतली आणि टी मागं सरकवली. हे वाचून मी दुकानात एकटाच हसलो. बांध सरकवायचा इतका साधा मार्ग असतो हे आमच्या घराण्यात कोणाला सुचलं नाही.

त्यांच्याकडं पैसा आहे. बाकीच्यांनी काय करायचं? अठरा होलच्या मैदानाला शंभर-दीडशे एकर लागतात. ते लांबवायचं म्हणजे आणखी गवत, आणखी पाणी, आणखी औषध. हे मी दुष्काळी भागातला म्हणून रडतोय असं नाही. गोल्फचे नियम करणाऱ्या यूएसजीए आणि आर अँड ए ह्या दोन संस्थांनीही २०२० च्या अहवालात हेच म्हटलं की लांबी वाढत राहणं खेळाला परवडणारं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांनी बॉलवर लगाम घालायचं जाहीर केलं. चाचणीत यंत्र बॉल मारतं, त्याचा वेग ताशी १२० मैलांवरून १२५ वर नेला, पण बॉलनं जायची हद्द तीच ठेवली, ३१७ वार आणि वर ३ वारांची सूट. म्हणजे आजचे बरेचसे बॉल त्यात नापास. फार जोरात मारणाऱ्याचे १३ ते १५ वार कमी होतील, हौशी माणसाचे पाच किंवा त्याहून कमी. त्यांनी तेव्हा मुदत दिली ती व्यावसायिकांना २०२८ आणि सगळ्यांना २०३०. एवढ्यावर कंपन्यांनी आणि खेळाडूंनी केवढा गदारोळ केला. पंधरा वार! दीड गुंठासुद्धा नाही. माझ्या मते तीस काढायला हवे होते.

म्हणून कोणी मला लगेच कमी लांब मारणाऱ्यांच्या बाजूचा समजू नये. ब्रायन हार्मन २०२३ ची ब्रिटिश ओपन सहा फटक्यांनी जिंकला, झॅक जॉन्सननं २००७ ची मास्टर्स जिंकताना एकाही पार-५ वर (पाच फटक्यांत संपवायच्या लांब होलवर) दोन फटक्यांत ग्रीन गाठायचा प्रयत्न केला नाही, ही उदाहरणं लोक तोंडावर फेकतात. खरी आहेत. पण दरवर्षीची नाहीत. माझ्या मनात घर करून आहे ती आपली अदिती अशोक. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती मैदानातल्या सगळ्यात कमी लांब मारणाऱ्यांपैकी होती. बाकीच्या जणी छोट्या आयर्ननं ग्रीनवर मारत तिथं ती लाकूड काढत होती, आणि पटवर जगत होती. चौथी आली. कांस्य एका फटक्यानं हुकलं. त्या शनिवारी पहाटे आमच्या घरात पहिल्यांदा गोल्फ टीव्हीवर लागलं. आई म्हणाली, "ती पोरगी मारती कमी, पण घालती बरोबर." मी मनात म्हटलं, कर्नल साहेब हवे होते. मग तिला तेवढेच वीस वार जास्त असते तर, हेही मनात आलं.

मैदान लहान आणि झाडीचं ठेवलं तर बॉलला हात न लावताही काम भागतं, हे दिल्लीत दिसलं. दिल्ली गोल्फ क्लबवर दोन्ही बाजूंना अशी काटेरी झुडपं आहेत की २०२५ च्या ऑक्टोबरात रोरी खेळायला आला तेव्हा ड्रायव्हर वापरायचाच नाही म्हणाला. टॉमी फ्लीटवूड जिंकला. मला बघायला फार मजा आली. पण तिकीट काढून आलेल्या पोरांना रोरीचा ड्रायव्हरच बघायचा होता, त्यांचंही चुकलं नाही.

तर त्या दिवशी चुलतभाऊ निघून गेल्यावर मी आणखी वीसेक बॉल मारले. २०५ वर समाधान होईना. काटकुळ्याचं ध्यान करून टाच रोवली, कमरेतून वळलो, मनगट धरून ठेवलं. लागला. आवाजावरूनच कळलं की हा २२० च्या पुढचा. पण काठीचं तोंड थोडं उघडं राहिलं होतं. कोन ५ अंशांनी चुकला तर २०० वारांवर बॉल सतरा वार बाहेर जातो, ३०० वर सव्वीस. जितकं लांब तितकं बाहेर. वर उजवीकडं वळणारा स्लाइस असला तर विचारूच नका. चार गुंठे रुंदीची पट्टी ती केवढी. बॉल बांधावरून उजवीकडं वळत त्याच्या तुरीत गेला. तूर छातीएवढी झालीये, फुलावर आलीये.

टेप गुंडाळला. आणायला जावं तर म्हणणार, मोजणीच करायलाय. जानेवारीत तूर निघेल, तेव्हा मळणीवाल्या पोराला सांगून ठेवलंय, पांढरं काही दिसलं तर बांधावर ठेव म्हणून.